उतारावरचं अंजन गवत

मुलुंडला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणभिंतीला लागून असलेल्या एका सोसायटीचा मागचा उतार पावसाआधी लावून घ्यायचा होता. ठेकेदाराने ‘कमी पाण्यावर येणारं गवत’ म्हणून बियाण्याचं पोतं आणून ठेवलं होतं. पोतं उघडलं तर आत भुरकट, केसाळ, फुंकरीने उडणारं बी. चिमूटभर तळहातावर चोळून कूस झाडली, तेव्हा कुठे बारीक दाणा दिसला. अंजन!

अंजनला नावं ठेवायचं कारण नाही. जोधपूरच्या काझरीने (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने) आणि झाशीच्या चारा संशोधन संस्थेने त्याचे वाण काढलेत, ते 300-400 मिमी पावसाच्या मुलखात गुरं जगवण्यासाठी. हेक्टरी चार-पाच किलो बी पुरतं. हलकं बी वाऱ्यावर जातं म्हणून ओलसर मातीत कालवून फोकायचं आणि जेमतेम सेंटिमीटरभर मातीआड करायचं. खोल गेलं की उगवत नाही.

“मग अडलं कुठे, मॅडम?” मुकादमाने विचारलं.

अडलं ते इथे चरायला गुरं नाहीत म्हणून. न चरलेलं अंजन उन्हाळ्यात वाळून नुसतं जळण होतं. वणव्यात पाती जळतात, पण जमिनीलगतचा गड्डा शाबूत राहतो आणि पाऊस पडताच जोमाने फुटतो. शेजारची कोवळी झाडं मात्र जातात. अमेरिकेतल्या ॲरिझोनात सग्वारो निवडुंग याच आगीत होरपळतात. दक्षिण ऑस्ट्रेलियाने 2015 मध्ये अंजनला तण म्हणून जाहीर केलं.

त्यात मुंबईचा पाऊस दोन हजार मिमीच्या वर. उताराच्या पायथ्याशी पाणी तुंबतं, तिथे अंजन तग धरणार नाही. ते टिकेल वरच्या मुरमाड कडेला, म्हणजे नेमकं जंगलाच्या भिंतीशी.

वर जाऊन पाहिलं, तर गेल्या वर्षी नमुन्यादाखल टाकलेल्या बियांचे ठोंब उभेच होते. आधी प्रत्येक कणसावर पिशवी चढवून ते कापलं, मगच कुदळ घातली. उलट केलं की धक्क्याने बी सांडतं. गड्ड्याखालून मूळ तोडावं लागतं. विळ्याने वरवर कापलेलं पुन्हा फुटतं. मातीतलं बी काही वर्षं जिवंत राहतं, म्हणून दर पावसाळ्यात नवी रोपं कणसावर येण्याआधी उपटायची, हे सोसायटीच्या माळीदादांना रोप हातात देऊन दाखवलं.

पोतं परत गेलं. उताराला आडव्या ओळींत वाळ्याचे ठोंब वीतभर अंतरावर, मधल्या पट्ट्यांत मारवेल गवत, असं ठरलं. ठोंब मात्र पाऊस नीट लागल्यावरच आणायचे.