कोळशाच्या ग्रिलवर ब्राउनी – माझा अनुभव

झाकणवाल्या कोळशाच्या ग्रिलवर ब्राउनी भाजता येते का हे मला कधीपासून करून बघायचं होतं, शेवटी केली आणि दुसऱ्या खेपेला मस्त जमली. पण आधी पहिल्या खेपेचं सांगते, कारण खरी चूक तिथेच कळली.

तेव्हा मी निखारे सगळीकडे सारखे पसरले आणि मिश्रण भरलेलं बिडाचं पॅन बरोबर मधोमध ठेवून दिलं. झाकणावरच्या तापमापकाचा काटा १८० अंश सेल्सिअस दाखवत होता म्हणून मी निर्धास्त. पंधरा मिनिटं पण झाली नसतील तोच करपल्याचा वास, उघडून बघते तर वरचं सगळं अजून डुगडुगतंय आणि सुरी घातली तर खाली काळा कडक थर. चॉकलेट एकदा करपलं ना की त्याचा कडूपणा सगळीकडे उतरतो, वरचा चांगला भाग पण खाववत नाही. सगळं टाकून द्यावं लागलं, फार जिवावर आलं.

मग विचार केल्यावर लक्षात आलं की तो काटा झाकणाखालच्या हवेचं तापमान सांगतो, पॅनच्या बुडाला निखाऱ्यांची जी थेट धग लागते तिचा त्याला पत्ताच नसतो. म्हणजे पॅनखाली निखारा नकोच.

दुसऱ्यांदा निखारे दोन बाजूंना सारले आणि मधली जागा पूर्ण रिकामी ठेवली. कोळशावर करडी राख धरेपर्यंत थांबले, घाई केली नाही, कारण अर्धवट पेटलेल्या कोळशाचा धूर उग्र असतो आणि बटर-चॉकलेट दोन्ही तुपकट, वास लगेच धरून ठेवतात. जाळी पण ब्रशने खरडून घेतली, आधीच्या भाजणीचं तेल जळालं तर तो वास थेट ब्राउनीत. वरची हवेची झडप उघडी ठेवली आणि खालची थोडी थोडी बंद करत काटा १७५ ते १८० मधे आणला, तो स्थिर झाल्यावरच पॅन आत.

मिश्रण साधंच आहे. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि ११५ ग्रॅम बटर गरम पाण्यावर वितळवलं आणि कोमट होऊ दिलं (गरम असताना अंडी घातली तर ती शिजून गुठळ्या होतात), ३ अंडी आणि २०० ग्रॅम साखर फिकट होईपर्यंत फेटली, मग ८० ग्रॅम मैदा, दोन चमचे कोको, चिमूटभर मीठ. साखर-अंडी फेटायचा कंटाळा करू नका, वरचा तो पातळ चकचकीत पापुद्रा त्यानेच येतो.

झाकण मधे एकदाच उघडलं, पॅन अर्धं फिरवायला, कारण निखाऱ्यांच्या बाजूच्या कडा लवकर भाजतात. तेवढ्यात पण काटा धाडकन खाली आला, परत चढायला वेळ गेला, म्हणून सारखं उघडून बघायचा मोह आवराच.

पंचवीस मिनिटांनी कडा पॅनपासून जरा सुटल्या होत्या, पापुद्र्याला बारीक भेगा, मधे हलवलं तर किंचित थरथर. टूथपिकला ओलसर चुरा चिकटला पण पातळ मिश्रण नाही, आणि तिथेच उचललं. बीड बराच वेळ तापलेलं राहतं त्यामुळे बाहेर काढल्यावरही ब्राउनी शिजतच असते, टूथपिक कोरडी निघेपर्यंत ग्रिलवर ठेवली असती तर नंतर भुसभुशीत कोरडी झाली असती.

अर्धा तास हात लावला नाही. कापली तेव्हा मधे मऊ चिकट, कडा खुसखुशीत, आणि घास गिळल्यावर मागून अगदी हलका धुराचा स्वाद येतो, तो मला इतका आवडला की पुढच्या वेळी मिठाचं प्रमाण थोडं वाढवून बघणार आहे, त्याने तो अजून उठून येईल असं वाटतंय.