तक्रारीच्या फॉर्ममध्ये ‘घाम’ हा रकानाच नव्हता

‘गळतीचे ठिकाण.’ ‘पाऊस चालू असताना गळते की थांबल्यावर?’ ‘पाण्याचे प्रमाण : थेंब / धार.’ हा फॉर्म मी चार वेळा भरलाय. चारही वेळा दुसऱ्या प्रश्नाशी अडले, कारण पाऊस पडून तीन आठवडे उलटले होते आणि तरीही आमच्या गोदामाच्या छपरातून पाणी ठिबकत होतं. पर्याय दोनच होते, आणि एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

आमची शेड साधारण ६०० चौरस मीटरची, लोखंडी सांगाडा, वर पत्रा, बाजूंनीही पत्रा. आत यंत्रांचे सुटे भाग आणि त्यांची खोकी. बांधकाम वेळेत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फरशीचं काँक्रीट ओतल्यावर पाच आठवड्यांत आम्ही माल आत आणला, आणि तेव्हा मला त्या घाईचा अभिमानच वाटला होता. थंडी पडायला लागल्यावर एका सकाळी वरच्या थरातली खोकी ओली सापडली. ओल पसरलेली नव्हती, सरळ रेषेत ठिपके होते. वर पाहिलं तर त्या रेषेच्या बरोबर डोक्यावर पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर बसवतात ती आडवी लोखंडी पट्टी. पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरतं, उतारावरून ओघळतं आणि पहिला आडवा अडथळा आला की तिथून गळतं. हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मीही ‘गळती’ असंच म्हणाले आणि शेड उभारणाऱ्या कंपनीकडे फॉर्म भरला.

पहिला माणूस आला सकाळी साडेअकराला. तोवर ऊन चढून पत्रा कोरडा ठणठणीत. त्याने शिडी लावली, पर्लिनच्या रेषेतल्या स्क्रूंवर सिलिकॉन फासलं आणि गेला. संध्याकाळी मोबाइलवर मेसेज : ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ठिबक.

दुसऱ्या खेपेला दोघं आले. एकाने वरून तासभर पाइपने पाणी सोडलं, दुसरा खाली मान वर करून उभा. एक थेंब आला नाही. मला वाटलं, आता तरी यांच्या लक्षात येईल की स्क्रूंखालचे वॉशर शाबूत आहेत, म्हणजे पाणी बाहेरून येतच नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की परवाच्या सिलिकॉनने काम केलं. तक्रार बंद.

तिसऱ्या वेळी मी पहाटे पाच वाजता जाऊन फोटो काढले. अख्ख्या पत्र्यावर, स्क्रू असोत वा नसोत, बारीक थेंबांची सारखी जाळी. फोन उचलणाऱ्या गृहस्थांना फोटो पाठवले, तर उत्तर आलं, “मॅडम, पाणी वरून पडतंय म्हणजे वरूनच येतंय ना?” मी म्हटलं, “मग माणूस पहाटे पाठवा.” “साइट व्हिजिट दहा ते पाचच असते.” यावर काय बोलणार? थर्मासमधल्या बर्फाच्या पाण्याने ग्लासला बाहेरून घाम सुटतो, तो काय ग्लास फुटल्यामुळे? हे मी फोनवर म्हणालेही. पलीकडून मला होल्डवर टाकलं.

मग मी मोजायला बसले. हवेतली आर्द्रता मोजणारे दोन हायग्रोमीटर आणले, एक जमिनीजवळ टांगला, एक वर छपराच्या सांगाड्याला. (हायग्रोमीटर आणला की आधी त्याची परीक्षा घ्या. मिठात थोडं पाणी घालून ओलसर लगदा करायचा आणि तो व हायग्रोमीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी शेजारी ठेवायचे. दहा-बारा तासांनी आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास हवा. माझा एक ६८ दाखवत होता.) पत्र्याचं तापमान पाहायला लेझरचा थर्मामीटर घेतला आणि दोन दिवस खुळचट आकडे लिहीत बसले. चकचकीत धातूवर ते यंत्र फसतं, कारण पत्र्याऐवजी त्यात परावर्तित होणारी उष्णता मोजतं. पत्र्याला साध्या कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरला, तेव्हा आकडे ताळ्यावर आले.

पहाटे सव्वापाच : बाहेर १४ अंश. आत १७ अंश, आर्द्रता ८४ टक्के. या हवेचा दवबिंदू येतो साधारण १४.३ अंश, म्हणजे त्याहून गार काहीही दिसलं की हवा तिथे पाणी सोडणार. आणि पत्रा होता ११.५ अंशांवर. बाहेरच्या हवेपेक्षाही गार! निरभ्र रात्री छप्पर आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत राहतं, त्यामुळे ते भोवतालच्या हवेच्याही खाली उतरतं. म्हणून ढगाळ रात्रीनंतर आमच्याकडे ठिबक नसायची आणि चांदण्यांनी भरलेल्या सुंदर रात्रीनंतर खोकी भिजायची. ‘बरोबर याच गोष्टीची तुमच्या फॉर्ममध्ये जागा नाही,’ असं लिहून आकड्यांचा कागद चौथ्या तक्रारीला जोडला.

अकरा दिवस काहीच नाही. बाराव्या दिवशी एका सुपरवायझरचा फोन आला की, स्वतःच येतो, वेळ तुम्ही सांगा. मी सांगितली, पहाटे पाच. आला बिचारा, कानटोपी घालून. आत येऊन वर पाहतो तोच एक थेंब त्याच्या चष्म्यावर पडला. मी हसले नाही, याचं श्रेय मला द्यायला हवं. त्याने शिडीवर चढून पत्र्यावरून तळवा फिरवला, ओला हात पाहिला आणि म्हणाला, “ही गळती नाही.” सात आठवड्यांनी! त्याने फॉर्मच्या कडेला पेनाने लिहिलं : ‘आतील बाष्प. वॉरंटीत बसत नाही.’ आणि मग मूळ कोटेशन काढून दाखवलं. त्यात छपराखाली इन्सुलेशनची (उष्णता अडवणाऱ्या थराची) ओळ होती, तिच्यावर ‘नको’ असं लिहिलेलं होतं, आणि अक्षर माझं होतं.

असो. पुढचं काम त्या मानाने भराभर झालं.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधलं. फरशीवर हात-दीड हात लांबीरुंदीचं प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवलं. सकाळी प्लास्टिकच्या आत थेंब आणि खालचं काँक्रीट काळसर. मुख्य आरोपी पायाखालीच होता. १५० मिलिमीटर (सहा इंच) जाडीची ६०० चौरस मीटर फरशी म्हणजे ९० घनमीटर काँक्रीट, आणि घनमीटरला १७० लिटर पाणी धरलं तरी पंधरा हजार लिटरच्या वर. त्यातला एक भाग सिमेंट कायमचा बांधून ठेवतं, पण उरलेलं काही हजार लिटर हळूहळू हवेतच यायचं असतं. ते सुकायला जाणकार ढोबळमानाने जाडीच्या दर इंचाला एक महिना धरतात. आमच्या फरशीला सहा महिने हवे होते, मी पाच आठवडे दिले. निदान फरशीखाली जाड प्लास्टिक अंथरलेलं होतं, नाहीतर जमिनीतली ओलही कायम वर येत राहिली असती. नवीन शेड बांधणाऱ्यांनी त्या प्लास्टिकवर लक्ष ठेवा, ते नंतर घालता येत नाही.

दुसरा आरोपी मीच आणला होता. पत्रा गार पडतो ना, मग शेड गरम करू, या हिशेबाने गॅसवर जळणारा, धुराडं नसलेला हीटर. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं. मी रोज रात्री शेडमध्ये अक्षरशः पाणी ओतत होते. तो हीटर पहिल्याच दिवशी बाहेर काढला आणि त्याच आठवड्यात ठिबक निम्म्यावर आली.

फरशीच्या पाण्यासाठी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचून घेणारं यंत्र, ठेवलं. त्याचं पाणी बादलीत साठवू नका, नळी थेट बाहेर काढा, कारण बादली भरली की यंत्र मुकाट्याने बंद पडतं. गार कॉइलवर चालणारी यंत्रं १५ अंशांच्या खाली सुस्तावतात. जागा खूप थंड असेल तर ओलावा शोषणाऱ्या चाकाची यंत्रं मिळतात, ती बघा.

छपराच्या माथ्यावर वाऱ्याने फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर आणि खाली भिंतीत हवा आत यायला लूव्हर (तिरप्या पट्ट्यांच्या जाळ्या) बसवले. पण ‘वारा खेळता ठेवा’ हा सगळ्यांचा आवडता सल्ला डोळे मिटून ऐकू नका. एका उबदार पावसाळी सकाळी मी मोठ्या उत्साहाने चारही शटर उघडली आणि तासाभरात फरशी निसरडी झाली. बाहेर २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू २३ च्या वर, आणि फरशी २२ वर. आम्ही ओल बाहेर घालवत नव्हतो, आत बोलावत होतो. आता दाराशी एक आणि आत एक हायग्रोमीटर आहे. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा खाली असेल तरच शटर उघडतं. नुसते आर्द्रतेचे टक्के ताडून पाहण्यात अर्थ नाही, तापमान वेगळं असलं की टक्के दिशाभूल करतात.

शेवटी कोटेशनमधली ती ‘नको’ लिहिलेली ओळ. पर्लिनखालून ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) लावली, तिचा फॉइलचा थर आतल्या बाजूला. ठेकेदाराच्या माणसांनी फॉइलचे जोड नुसते एकमेकांवर चढवले, पट्टी मारली नाही. महिन्याभरात एका जागी फॉइलला पोट आलं, टोचलं तर भांडंभर पाणी. उबदार दमट हवा फटीतून वर जाते, गार पत्र्याला लागते आणि वूल भिजते. भिजलेली वूल काही कामाची नाही, शिवाय आता ठिबक दिसतही नाही, आतल्या आत गंज धरतो. तेवढा भाग बदलून घेतला आणि सगळे जोड माझ्यासमोर पट्टीने बंद करवले. दिवे आणि पाइप जिथून आरपार जातात तिथेही.

आता आर्द्रता ६० च्या आत ठेवते, त्यावर गेली की उघड्या लोखंडावर गंज झपाट्याने चढतो. खोकी भिंतीपासून हातभर लांब आणि पॅलेटवर. मागच्या शटरच्या चौकटीला मात्र अजून पहाटे घाम येतो, कारण तिथलं लोखंड आत-बाहेर सलग आहे. तिच्यासाठी अजून उपाय सापडलेला नाही, सध्या खाली फडकं ठेवलंय. आणि छपरावर चाळीसेक स्क्रूंवर सिलिकॉनच्या पांढऱ्या टोप्या आहेत, त्याही तशाच.