डाव्या हातानं दार उघडायचं

गाडीचं दार आपल्याला नीट उघडता येत नाही हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कळलं. इथं नेदरलँडमध्ये सोलापूरचं लायसन घेऊन आले होते, पण आमच्या केसमध्ये ते बदलून मिळेना, म्हणून सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं, थिअरी, क्लास, परीक्षा, सगळं. म्हणलं ठीक आहे, सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात संध्याकाळी सहा वाजता गाडी चालवलेल्या बाईला हे काय शिकवणार. पहिल्याच दिवशी गाडी सुरू करायच्या आधी माझ्या टीचरबाईंनी (साठीच्या असतील, केस पांढरे, आवाज आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांसारखा) मला खाली उतरायला सांगितलं. मी दार उघडलं. त्या म्हणाल्या, परत. परत उघडलं. परत. चौथ्या वेळी मी वैतागून विचारलं की चुकतंय काय, तर म्हणाल्या हात चुकतोय.

इथं ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे दार डाव्या हाताला. सरळ डाव्या हातानं उघडलं तर माणूस समोर बघतच उतरतो. उजवा हात आडवा नेऊन उघडलं तर खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. एवढंच. काही मशीन नको, सेन्सर नको, फक्त लांबचा हात वापरायचा. बाहेरच्या लोकांनी ह्याला डच रीच असं नाव दिलंय आणि ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये (तिथल्या वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक) २०२२ मध्ये हे लिहूनसुद्धा आलं, पण इथल्या लोकांना त्याचं काही नावबिव माहीत नसतं, आपल्याकडे ताट उजव्या हाताला धरायचं की डाव्या ह्याला जसं नाव नाही तसं.

त्या दिवशी ट्रॅममधून घरी जाताना मला दूधवाले मामा आठवले.

२०१३ ची गोष्ट. नवी पेठेत बाबांची वॅगन आर कडेला लावली, फोनवर बोलत बोलत उजवीकडचं दार उघडलं आणि धाडकन आवाज आला. मामा सायकलसकट आडवे, दोन्ही बाजूंना अडकवलेले कॅन पडलेले, एकाचं झाकण निघून सगळं दूध रस्त्याच्या उतारानं चाललेलं. माझे हातपाय गार. लोक जमले, कुणी मला बोलतंय, कुणी मामांनाच बोलतंय की बघून चालवायची की ओ सायकल. मामा उठले, कोपर खरचटलेलं, धोतर झटकलं, आधी सायकलचं हँडल सरळ केलं. मी पाचशेची नोट पुढं केली तर घेतली नाहीत लगेच, दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, आरसा कशाला दिलाय ओ गाडीला?" चिडून नाही हां, खरंच विचारावं तसं. मग नोट घेतली, दुधाचे म्हणून. मी घरी येऊन आईला सांगितलं की एक सायकलवाला मध्ये आला. मध्ये आला! शब्द हेच होते माझे.

तर सायकलवाला मध्ये येत नसतो हे समजायला मला उट्रेख्तला येऊन स्वतः सायकलवर बसावं लागलं. इथं आल्यावर दुसऱ्या आठवड्यात जुनी सायकल घेतली, ऐंशी युरोला, आणि पहिल्याच चौकात ब्रेक शोधत बसले कारण हँडलला ब्रेकच नव्हता, पायडल उलटं दाबायचं असतं. मागून घंटी वाजली की सोलापूरच्या सवयीनं मी डावीकडे सरकायचे, इथं ओव्हरटेक डावीकडूनच करतात, म्हणजे मी बरोबर त्यांच्या पुढ्यात. पहिल्या महिन्यात मला डच भाषेतल्या शिव्या नमस्काराच्या आधी समजायला लागल्या.

घरी फोन केला की सगळे विचारायचे, तिकडं लोक लय शिस्तीचे ना गं? मीपण आधी हो म्हणायचे. आता नाही म्हणत. शिस्त लोकांत कमी आणि रस्त्यात जास्त आहे असं माझं मत झालंय. सायकलचा रस्ता वेगळा, लाल डांबराचा, मध्ये उंच कडा. गल्लीच्या तोंडाशी फुटपाथ आणि सायकलचा रस्ता तसाच सलग जातो, गाडीलाच चढून उतरावं लागतं, म्हणजे वेग आपोआप मरतो. जिथं दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं तिथं रस्त्यावर पांढरे त्रिकोण काढलेले असतात, शार्कचे दात म्हणतात त्याला, टोकं तुमच्याकडे असली की वाट तुम्ही द्यायची. काही गल्ल्यांत तर पाटीच असते की हा सायकलचा रस्ता, गाडी इथं पाहुणी. पाहुण्यानं पाहुण्यासारखं वागायचं, सायकलच्या मागं हळूहळू यायचं, हॉर्न न मारता.

आणि कायदा. त्यांच्या वाहतूक कायद्यात १८५ नंबरचं कलम आहे, गाडी आणि सायकल किंवा पायी माणूस ह्यांची धडक झाली तर नुकसानभरपाई बेसिकली गाडीवाल्याच्या इन्शुरन्सकडून जाते. सायकलवाला चौदा वर्षांच्या आतला असेल तर जवळपास नेहमीच पूर्ण, मोठा असेल आणि त्याची चूक असली तरी निम्मी तरी, अगदी टाळणं अशक्यच होतं असं गाडीवाल्यानं सिद्ध केलं तर वेगळं. आपल्या लोकांना वाटतं की म्हणजे गुन्हेगार कायम गाडीवालाच, तसं नाही, दंड, शिक्षा तो वेगळा विषय, हे फक्त पैशाचं आहे. पण त्यामागचा हिशोब मला पटला, हजार किलो लोखंड घेऊन तुम्ही रस्त्यावर आलाय तर जास्तीची काळजी तुमची.

हे सगळं पहिल्यापासून होतं असंही नाही बरं का. १९७१ मध्ये ह्या एवढ्याशा देशात तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं. तेव्हा इथले चौक म्हणजे गाड्यांचे पार्किंग, जुने फोटो बघितले तर ओळखू येत नाहीत. मग आईबाप रस्त्यावर आले, मुलांचे खून थांबवा असं म्हणत मोर्चे काढले, रस्ते अडवले, त्यातच १९७३ ला तेलाची टंचाई झाली आणि रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, लोकांना रिकामा रस्ता कसा दिसतो ते बघायला मिळालं. तिथून पुढं हळूहळू हे लाल रस्ते.

आणि स्वर्ग तर अजिबात नाहीये. नोव्हेंबरमध्ये पाच वाजता अंधार पडतो आणि कॉलेजची पोरं बिनलाईटची, काळं जॅकेट घालून, एका हातात फोन, अशी सुसाट येतात. फोन हातात धरून सायकल चालवायला २०१९ च्या जुलैपासून बंदी आहे, तरी. त्या जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकली आल्यात त्यांनी तर म्हाताऱ्यांना जीव नकोसा केलाय. २०२३ मध्ये इथं रस्त्यावर ६८४ लोक गेले त्यातले २७० सायकलवाले होते, गाडीतल्या लोकांपेक्षा जास्त, आणि त्यात वयस्कर लोक खूप. चालणाऱ्या माणसाशी तर इथला सायकलवाला असा वागतो की आपला रिक्षावाला परवडला. मी स्वतः एकदा एका आजीबाईंवर घंटी वाजवली आणि पुढं जाऊन मलाच लाज वाटली, ज्याच्या हातात जे वाहन त्याला त्याच्यापेक्षा हळू जाणारा मध्ये आल्यासारखाच वाटतो बहुतेक.

ह्या जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) वेळी सोलापूरला आले होते तेव्हा हट्टानं दादाची जुनी सायकल काढली. बाबा म्हणाले एकटी जाऊ नको, मी येतो. बाबा अडुसष्ट वर्षांचे, अजून भाजी आणायला सायकलवरच जातात. आसरा चौकातून होटगी रोडनं सात रस्ता, तिथून सिद्धेश्वर मंदिर असं जायचं ठरलं. मी आपली भीतीनं अगदी कडेला कडेला, तर बाबा मागून ओरडले, "कडेला नको जाऊ, हातभर आत ये." म्हणलं बाबा, ट्रक आहे मागं. म्हणाले म्हणूनच. कडेला वाळू असते, चेंबरचं झाकण खाली गेलेलं असतं, रिक्षा थांबलेली असते, ते चुकवायला तू अचानक आत येणार आणि ट्रकवाल्याला ते आधी दिसणार नाही. हातभर आतून सरळ चाललीस तर त्याला तू दिसतेस, तो ठरवतो मागं थांबायचं का बाजूनं काढायचं. मी उडाले, अगदी हेच माझ्या टीचरबाईंनी शब्दानं शब्द सांगितलं होतं, फक्त त्यांनी चेंबरच्या जागी पार्क केलेल्या गाडीचं दार म्हणलं होतं.

बाबांचं बघून बघून शिकायला झालं मला. वळायच्या आधी एकदा मागं वळून बघतात, मागच्याची नजर धरतात, मग हात काढतात, नुसता हात नाही तर तळवा असा खाली करून हळू हळू म्हणून, आणि गाडी थांबली की मान हलवतात, थँक्यू म्हणल्यासारखी. गाडीवाले थांबतात ओ! सगळे नाही, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त. हॉर्नचं पण तसंच. हॉलंडमध्ये हॉर्न म्हणजे शिवी, सोलापुरात हॉर्न म्हणजे मी आलोय, लक्ष असू दे. लांबून एकदा पीं केलं तर चालतं, वाईट कधी, अगदी मागच्या चाकाला चिकटून प्रेशर हॉर्न मारला की, तेव्हा सायकलवरचा माणूस दचकून हँडल हलवतोच.

परत येताना उसाची ट्रॉली भेटली. सीझन होता, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, स्पीकरवर गाणी, मागं लाल काहीच नाही, ना लाईट ना रिफ्लेक्टर. ती चौकात डावीकडे वळायला लागली आणि मी आपली रिकामी जागा बघून तिच्या डावीकडून पुढं निघाले. बाबांनी माझ्या कॅरियरला धरून सायकल थांबवली, खरंच हातानं धरली. मागची ट्रॉली पुढच्याच्या रेषेवरून जात नाही, ती आत कापत येते. मी थांबले होते त्याच्यापुढं चार पावलांवरून उसाची टोकं रस्त्याच्या कडेला घासत गेली. इथं डच शाळांमध्ये ह्याच्यासाठी खरा ट्रक आणून उभा करतात, एकेका मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून दाखवतात की बघ, तुझे सगळे मित्र बाजूला उभे आहेत आणि एकही दिसत नाही. आपल्याकडे कारखान्याचा ट्रॅक्टर शाळेसमोरून रोज जातो, एक दिवस दहा मिनिटं आत थांबवला तर खर्चसुद्धा नाही.

ट्रॉली गेल्यावर आम्ही उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबलो (हो, उसाचाच) आणि बाबा जुनं काढून बसले. आजोबा मिलमध्ये होते, भोंगा झाला की गेटमधून सायकलींचा असा लोंढा निघायचा की मोटारवाला गुपचूप बाजूला थांबायचा, सगळे निघून जाईपर्यंत. रात्री डायनॅमो चालत नसेल तर पोलीस हवा सोडायचा आणि चालत घरी पाठवायचा, डबलसीट दिसलं की दंड. बाबांना स्वतःला दोनदा बिनबत्तीचं धरलं होतं, तेव्हापासून मागं लाल आणि पुढं पांढरी बत्ती कायम. "आता बत्ती स्वस्त झाली आणि कुणी लावत नाही," म्हणाले. मी त्यांना इथून दोन चार्जिंगच्या बत्त्या नेल्या होत्या, त्यांनी एक स्वतःला लावली आणि दुसरी पेपर टाकणाऱ्या पोराला देऊन टाकली. मला न विचारता.

घरी आल्यावर मी दादाला दाराचं सांगायला गेले. त्याच्या गाडीत आपल्याकडे उलटं, ड्रायव्हर उजवीकडे म्हणून डावा हात आडवा न्यायचा. दादा म्हणाला, "बे, वीस वर्षं गाडी चालवतोय मी, तू मला दार उघडायला शिकवतीस?" आणि सवयीनं उजव्या हातानं उघडलं, मागून एक स्कूटी करकचून थांबली. तो काही बोलला नाही, मीपण नाही. नुसतं सांगून सवय बदलत नाही हे मला माहीत होतं, मला स्वतःला तीन महिने लागले होते, म्हणून टीचरबाईंनी माझ्याकडून करून घेतलं होतं तेच केलं, दाराच्या आतल्या हँडलला एक लाल रिबीन बांधली, हात लागला की आठवावं म्हणून.

परवा वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. रिबीन अजून आहे, दादा डावा हात नेतो म्हणे दहातून सात वेळा, राहिलेल्या तीन वेळा ती ओरडते. फक्त रिबिनीला आता खाली लिंबू-मिरची लटकतेय, कारण सासूबाईंना, म्हणजे माझ्या आईला, वाटलं की मी तिकडून काहीतरी दृष्टीचं बांधून गेलेय तर अर्धवट कशाला. गॅरेजवाल्यानं दादाला विचारलं, साहेब हे कुठल्या देवाचं आहे ओ? दादा म्हणाला, हॉलंडच्या.