कोट्याबाहेरचं पाणी

किडन्या निकामी झालेल्या माणसाचा उन्हाळा आपल्यासारखा नसतो. आपण उन्हातून आलो की उभ्या उभ्या तांब्याभर पाणी रिचवतो. डायलिसिसवरच्या माणसाचा हिशेब निराळा. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली त्यात साधारण अर्धा लिटर मिळवायचं, तेवढंच दिवसाचं पाणी. चहा, ताक, आमटीचं पाणी, गोळी गिळताना घेतलेला घोट, सगळं त्यातच. आमच्या पेंटरला लघवी जवळपास होतच नाही, त्यामुळे त्याचा कोटा अर्ध्या लिटरच्या आसपास. तोही एप्रिल-मे महिन्यात, कोल्हापुरात. वहिनी सकाळी एक बाटली भरून फडताळात ठेवतात आणि दिवसभर ती बाटली घरातल्या सगळ्यांच्या नजरेत असते.

पाण्यावर भागत नाही. आंबा, केळं, शहाळं, उसाचा रस हे सगळं पोटॅशियमवालं. चालू किडनी जादाचं पोटॅशियम बाहेर टाकते. ती बंद पडली की ते रक्तात साठतं आणि थेट हृदयाच्या ठोक्यावर येतं. मिठानं तहान वाढते, म्हणून लोणचं, पापड, मीठ-तिखट लावलेली कैरी बाद. उन्हाळ्याचं म्हणून जे जे तोंडात टाकावं ते ते यादीतून खोडलेलं. माणसानं करायचं काय मग?

पेंटर म्हणजे साईनबोर्ड पेंटर. एके काळी आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांवरची अक्षरं त्याच्या हातची होती. पुढं फ्लेक्स आला, धंदा बसला, मग शुगर आणि बीपीनं किडन्या खाल्ल्या. त्याला नावानं हाक मारणारी माणसं आता राहिली नाहीत, त्यामुळे इथंही पेंटरच म्हणतो. मी एसटीत कंडक्टर होतो, आता घरी. पेंटरला आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर पडायचं असतं. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं म्हणून पैशाचा घोर नाही, पण सोबतीला माणूस लागतो. मुलाची नोकरी, वहिनींचे गुडघे, म्हणून शनिवार मी घेतला.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या हातात एक धमनी आणि एक शीर ऑपरेशन करून जोडलेली असतात, त्याला फिश्चुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं तर आत मुठीत भुंगा धरल्यागत थरथर लागते. ती लागली म्हणजे फिश्चुला चालू आहे. तिथं दोन जाड सुया. एकीतून रक्त बाहेर, मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली, मशीनमधून गाळून दुसरीतून परत. गाळणीच्या दुसऱ्या बाजूनं मिनिटाला अर्धा लिटर शुद्ध पाण्याचं द्रावण वाहत असतं. चार तासांचे झाले १२० लिटर. हा हिशेब टेक्निशियननं सांगितला तेव्हा पेंटर म्हणाला, "बघ मर्दा, एकशेवीस लिटर पाणी माझ्या उशाशी वाहून जातंय, आन् मला मात्र अर्धा लिटर."

सुरुवातीचे शनिवार वाईट गेले. मी राजकारण काढायचो, तो हूं म्हणायचा आणि छताकडं बघायचा. एसी असा की बाहेर पारा अडतीस-एकोणचाळीस आणि आत पेंटर गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून. ऋतू कुठला चाललाय हे त्या खोलीत कळायला मार्गच नाही. मी सकाळी फिरायला जातो, तिथले फोटो दाखवायला लागलो. दोन-तीन बघितले आणि म्हणाला, "फोनात नको दावू. फोनात बघून बघून डोळं दमलं. खरं काय असंल तर आण."

मग मी गुलमोहराचं फूल नेलं. दारातच सिस्टरनी अडवलं. त्यांचं बरोबर होतं. पेशंटच्या हातात सुया असतात, तिथून जंतू आत शिरला तर थेट रक्तात. फुलं, पानं, माती काहीच खाटेजवळ न्यायचं नाही. बरीच बोलाबोली झाल्यावर तोडगा निघाला. मिठाईचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यायचा, घरीच घट्ट बंद करायचा, बाहेरून सॅनिटायझरनं पुसायचा आणि आत आल्यावर कुठल्याही कारणानं उघडायचा नाही. मला हे फार आवडलं. एसटीतही नियमात बसवून काम करायचीच सवय होती.

डबा त्याच्या पोटावर ठेवला. त्यानं उजव्या हातानं तो फिरवला, उजेडाकडं धरला आणि विचारलं, "हितं येताना हे फूल बघितलंस काय?"

"बघितलं की. लालभडक आहे."

"लाल चारच हायत. पाचवी बघ."

खरंच, गुलमोहराच्या पाच पाकळ्यांतली एक वेगळीच असते. जरा मोठी, उभी, पांढरट-पिवळी आणि तिच्यावर लाल शिंतोडे. साठीपार गेलो, गुलमोहराखाली उभं राहून किती गाड्या सोडल्या असतील, पण ती पाकळी मी कधी बघितली नव्हती. सिस्टरसुद्धा डबा उचलून बघून गेल्या. पेंटर म्हणाला, पुढच्या खेपेला कागद आण.

कागदाची व्यवस्था लावायला थोडे दिवस गेले. त्याचा जन्म ऑईल पेंटमध्ये गेलेला, पण टर्पेंटाईनचा वास तिथं चालायचा नाही. म्हणून शाळेच्या पोरांचे जलरंग, वड्यांचे. परीक्षेचं पॅड, त्याला चिमट्यात कागद, जेवणाच्या सरकत्या टेबलावर. डावा हात हलवायचा नाही, कोपरात जरा वाकला की मशीन बोंबलायला लागतं. पहिला अर्धा तास सुया, वजन, बीपी यातच जातो. शेवटच्या तासात अंगातलं पाणी बरंच निघालेलं असतं, बीपी उतरतं, पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा काही सुचत नाही. हातात राहतात मधले दोन-अडीच तास. घरी जाऊन तर तो झोपतोच. तेव्हा कोणाला असं काही करायचं असेल तर मधली वेळ धरावी, आल्या आल्या पुढ्यात कागद ठेवू नये.

ब्रशसाठी पाणी म्हणून मी बाटलीच्या टोपणात थोडं ओतलं. त्यानं टोपणाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे माझ्या कोट्यात धरू नगंस बरं का."

सिस्टर हसल्या, शेजारच्या खाटेवरचे आजोबाही हसले. खूप दिवसांनी तो स्वतःहून काहीतरी बोलला होता.

जलरंगावर तो आधी भयंकर चिडला. ऑईल पेंट जिथं लावाल तिथं राहतो, हा कागदावर पळतो. साईनबोर्डाच्या सवयीनं तो आधी कडा काढायचा आणि आत रंग भरायचा, त्यामुळे पहिला गुलमोहर पानाच्या गादीवरच्या पाटीला शोभला असता. त्याला मी हे म्हटलं तर म्हणाला, "मग? तीस वर्सं कुणी पैसं दिलं नव्हतं व्हय त्याचं?" आमच्या कोल्हापुरात जलरंग म्हटलं की चित्रकार आबालाल रहिमान यांचं नाव निघतंच. ते गेले १९३१ साली, पण रंकाळा तलावाची चर्चा निघाली की पेंटर मंडळी अजून त्यांच्याबद्दल असं बोलतात की कालच भेटून आले. आमचाही तेच म्हणाला, "आबालाल रंकाळ्यावर बसायचं. आमचा रंकाळा हितंच, नळीतनं."

मग त्यानं मला कामाला लावलं. बहावा आणायला सांगितला. आधी डब्यात फूल, शिवाय झाडाखाली उभं राहून काय काय दिसतं ते तोंडी. मी म्हणालो, घोस पिवळे, खाली लोंबतात. तो म्हणाला, पानं होती का? होती, थोडी. किती थोडी? कोवळी का जुनी? गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा अजून लटकत होत्या का? मला परत जावं लागलं. शेंगा होत्या, हातभर लांब. डब्यातल्या फुलाचे पुंकेसर त्यानं बाहेरूनच मोजले, दहा. त्यातले तीन लांब आणि वर वळलेले, बाकीचे आखूड. ते तीन त्यानं सगळ्यात बारीक ब्रशनं एका दमात ओढले. साईनबोर्डवाल्याचा हात काय असतो ते त्या दिवशी सिस्टरनी बघितलं. कोपर टेकवलेला, श्वास रोखलेला आणि रेष सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची.

सकाळी फिरताना मी आता नुसता चालत नाही. पिंपळाची नवी पालवी तांबूस असते आणि ऊन तिच्यातून आरपार येतं, हे सांगायचं म्हणून बघतो. तांबट पक्षी टुक टुक टुक करत असतो तो नेमका कुठल्या फांदीवर, हे शोधायला मान मोडेस्तोवर उभा राहतो. पक्षी हिरवा, पानात मिसळलेला, कपाळावर तेवढा लाल ठिपका. त्याचा आवाज मात्र फोनमध्ये भरून नेला, कारण आवाजाला डबा नाही. पेंटरनं परवानगी दिली. बघायला नको म्हटलं होतं, ऐकायला नव्हे.

सुगरणीचं जुनं घरटं नेण्याचा बेत मात्र फसला. बाभळीखाली पडलेलं सापडलं होतं. सिस्टर म्हणाल्या, डब्यात असो वा पेटीत, हे धुळीचं पोतं आत येणार नाही. मग मी बाहेर व्हरांड्यात बसून त्याचं वर्णन कागदावर लिहून काढलं आणि आत वाचून दाखवलं. घरटं विणतो नर. अर्धं विणून थांबतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तर पुढचं काम. नाही तर दुसरीकडं नवं. पेंटर म्हणाला, "म्हंजे गिऱ्हाईक. ॲडव्हान्स बी न देता."

शेजारचे आजोबा कागलकडचे. ते इतके दिवस आमची गंमत बघत होते. एका शनिवारी म्हणाले, माझ्या विहिरीवरची बाभूळ काढून द्या की. पलीकडच्या मावशींना जोतिबाची चैत्र यात्रा हवी होती, उंच सजवलेल्या सासनकाठ्या आणि गुलालासकट, कारण यंदा त्यांना जाता आलं नाही. पेंटरनं वहीत रीतसर ऑर्डरी लिहून घेतल्या, नाव, माप, कधी पाहिजे. फ्लेक्स आल्यापासून त्याच्याकडं अशी वही नव्हती. पैसे विचारले तर म्हणाला, उधारीवर. तो वही लिहीत होता तेव्हा त्याचा चेहरा मी दुकानात बघायचो तसा होता, गिऱ्हाइकाकडं न बघता मान डोलावणारा. माझं मत विचाराल तर फुलं-पानं ठीक आहेत, पण आजारी माणसाला विरंगुळ्यापेक्षा गिऱ्हाईक जास्त लागतं. वहिनींना हे पटलेलं नाही. त्या म्हणतात, ऑर्डरीचं टेन्शन घेतो आणि बीपी वाढतं.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आंब्याचा प्रश्न आला. घरात सगळे आमरस खाणार आणि हा दुसऱ्या खोलीत बसणार. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि एक पातळ फोड कबूल केली, मशीन लागल्यावर पहिल्या तासात, म्हणजे वाढलेलं पोटॅशियम लगेच गाळलं जाईल. हे ह्याच्यापुरतं, ह्या महिन्याच्या रिपोर्टवर, बाकीच्यांनी मनानं करायचं नाही, असं दोनदा बजावलं. मीही तेच बजावतो. वहिनींनी घरून हापूसची फोड सालीसकट दिली. मी म्हटलं, आधी चित्र काढ, मग खा. त्यानं आधी खाल्ली. चावली नाही, तोंडात धरून ठेवली. चित्र नंतर सालीवरून काढलं आणि आंब्याच्या सगळ्या चित्रांत ते मला उजवं वाटतं, सालीवरची हिरवी-पिवळी-केशरी जशी एकमेकांत शिरते तशी त्यात शिरलीय. जलरंगाचं पळणं पहिल्यांदा त्याच्या उपयोगी पडलं.

सगळे शनिवार असे नव्हते. मे महिन्यात एकदा लग्नाला जाऊन आला, तिथं मठ्ठा प्यायला, वजन साडेतीन किलोनं वाढलं. तेवढं पाणी चार तासांत ओढायचं म्हणजे शरीर साथ देत नाही. मधेच घाम सुटला, डोळे फिरले, ब्रश ब्लँकेटवर पडला. सिस्टरनी खाटेची पायाकडची बाजू वर केली, सलाईन सोडलं, तो सावरला. पण पोटरीतल्या गोळ्यानं असा ओरडला की मावशी रडायला लागल्या. त्यानंतर काही दिवस कागदाचं नाव काढलं नाही. मी डबा पिशवीतच ठेवायचो, रिकामा. एका शनिवारी त्यानंच विचारलं, "डबं संपलं काय बाजारातलं?"

पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्राच्या यादीत त्याचं नाव आहे. फोन कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही, त्यावर आम्ही बोलत नाही. सध्याचा विषय रंकाळ्यातला दगडी संध्यामठ आहे. उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी उतरलं की मठ उघडा पडतो. दगडावर पाण्याची जुनी रेघ कुठपर्यंत आहे आणि तिच्या खालचा रंग हिरवा की काळपट, हे त्याला पाऊस लागायच्या आत हवंय. मी दोनदा जाऊन आलो. सकाळी काळपट, संध्याकाळी हिरवट. त्यानं विचारलं, मग खरा कुठला? मी म्हटलं, तूच ठरव, पेंटर तू आहेस.

मावशींची जोतिबाची यात्रा पोचली, त्यांनी ती देव्हाऱ्याशेजारी लावली. आजोबांनी मात्र बाभळीचं चित्र परत पाठवलं. विहीर जुनी, मोटेची. बैलांची ये-जा करायची धाव आणि मोट रिकामी व्हायचं थारोळं चित्रात नाही, बैल काय हवेतनं चालायचे काय, असा त्यांचा सवाल. पेंटर चिडला, पण वहीत त्यानं "दुरुस्ती" असं लिहून ठेवलंय. धाव विहिरीच्या कुठल्या अंगाला आहे ते आजोबांना नीट सांगता येत नाही आणि पेंटर अंदाजानं काढायला तयार नाही. तेव्हा मंगळवारी मी कागलकडं निघालोय, ज्या रूटवर मी जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली त्याच गाडीनं, ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्ध्या तिकिटात.