ब्रोचचा काळा रंग आणि किसलेला मुळा

मी मूळचा हुपरीचा, घरात तीन पिढ्या चांदीकाम, त्यामुळे दागिना काळा दिसला की हात आपोआप पॉलिशकडे जातो. आता बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये एका छोट्या वर्कशॉपमध्ये रिपेअरची कामं करतो, आणि याच सवयीने तिथं माझी पार फजिती केली.

एक आजी पणजीचा ब्रोच घेऊन आल्या होत्या. सोन्याची कड, मधे रुपयाएवढी काळी चकती, तिच्यावर सोन्याचे दोन करकोचे. फक्त मागची पिन ढिली होती. ती दहा मिनिटांत झाली, मग म्हटलं एवढा कळकट दिसतोय तर एक हात बफ मारून देऊ, आजी खूश होतील. बफला लावला मात्र, आणि खालच्या कडेला लालसर तांबं चमकायला लागलं! मागून मालकांनी येऊन मशीनच बंद केलं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

ते होतं शाकुडो, म्हणजे एक जपानी मिश्रधातू. तांब्यात साधारण चार टक्के सोनं, आणि तो काळा रंग मुद्दाम आणलेला, तीच त्याची शोभा. जपानचे हे कारागीर आधी सामुराईंच्या तलवारीचं साज-सामान करायचे, 1876 ला तलवार लावून फिरायला बंदी आली आणि धंदाच बसला, मग परदेशी गिऱ्हाइकांसाठी असल्या चकत्या वगैरे करायला लागले आणि इकडचे सोनार त्या सोन्यात बसवून विकायचे. इथल्यांनाही नाद लागला, चांदीच्या ब्रोचवर बांबू, पंखे, पक्षी. पण चांदीवर तांबं बसवलं तर हॉलमार्क मिळेना, म्हणून बिचारे लाल-हिरवट सोनं वापरून रंगाची हौस भागवायचे. न्यूयॉर्कच्या टिफनी या दागिन्यांच्या कंपनीला ती आडकाठी नव्हती, त्यांनी बिनधास्त चांदीवर तांबं चढवलं आणि 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात मोठं बक्षीस नेलं. हे सगळं मालक चकती कोंदणातून सोडवता सोडवता सांगत होते, आणि मी नुसता मान खाली घालून.

आजींना फोन मलाच करायला लावला. जुना रंग गेला तो गेलाच, नवीन आणता येईल, असं सरळ सांगितलं. त्या जरा वेळ गप्पच होत्या, मग म्हणाल्या करा.

मालकांना ते काम येत होतं. चकती आधी बारीक पावडरने घासून अगदी निर्मळ केली, मग चक्क मुळा किसला, तो चकतीला चोळला, म्हणजे डाग न पडता रंग सारखा बसतो म्हणे, आणि लगेच रोकुशोच्या, म्हणजे तांब्याच्या क्षारांच्या, उकळत्या पाण्यात सोडली. सारखी हलवत राहायची. आधी तपकिरी, मग वाइनसारखी, मग हळूहळू पिकल्या जांभळासारखी काळी-निळी. करकोचे मात्र जसेच्या तसे पिवळेधमक, सोन्याला त्या पाण्याने काही होत नाही.

रात्री आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आम्ही रिठा घालून उजळवतो आणि तुम्ही मुळा लावून काळं करताय होय रे?"