तीन काट्यांची हौस

आश्विन वद्य पंचमी, रात्र

उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. डाव्या हाताने टाइप करतोय, सांभाळून घ्या.

भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट, म्हणजे पंचमीला पावणेचार. चारच्या सुमारास पाणी उतरायला लागलं तेव्हा मी रेवदंड्याच्या खाडीत तिवरांच्या कडेला उभा होतो. दहाएक फेकींनंतर जिताडा लागला. किलो-सव्वाकिलोचा असेल, पण दोनदा पाण्याबाहेर येऊन अशी मान झटकली की मनगट दुखलं. जाळीत घेतला. ल्यूरचा, म्हणजे खोट्या माशाचा, पुढचा ट्रेबल (तीन काट्यांची गरी) जाळीत गुंतला, मागचा त्याच्या जबड्यात. पकड पिशवीत होती आणि मला घाई. हात घातला, त्याने एक फटका मारला, आणि मोकळा काटा बार्बसकट, म्हणजे टोकाजवळच्या उलट्या दातासकट, अंगठ्यात. एकाच ट्रेबलवर एकीकडे तो, दुसरीकडे मी. त्याच्या प्रत्येक धडपडीचा हिशोब माझ्या अंगठ्यात.

शेजारी गरवणारे कोळी काका धावले. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी कापते, म्हणून त्यांनी खालचा ओठ धरला आणि पकडीने त्याला सोडवला. माझं सोडवणं डॉक्टरांकडे. त्यांनी काटा पुढे ढकलून टोक बाहेर काढलं, बार्ब कापला, मग उरलेला मागे ओढला. पकड माझीच वापरली! वर धनुर्वाताचं इंजेक्शन.

काका एवढंच म्हणाले, “आम्ही जल्मभर एका गरीवर मासं धरली. तोंड एकच असतं ना रं माशाला?”

घरी येऊन ल्यूरचा डबा उपडा केला, ट्रेबल काढून एका काट्याच्या सिंगल गऱ्या लावायला. तीन काटे म्हणजे मासा लागायची शक्यता तिप्पट, हा माझा इतक्या वर्षांचा हिशोब. लागतो जास्त, हे खरंच. पण दोन काटे रुतले की मासा वळताना एक काटा दुसऱ्याला उचकटतो. शिवाय ट्रेबलची तार बारीक. गेल्या वर्षी एका तांबोशीने तो सरळ करून दिला आणि मुळांत शिरली. सिंगल गरी जाड तारेची, एकदा जबड्याच्या कोपऱ्यात बसली की सहसा हलत नाही. सोडून द्यायचा मासाही कमी फाटतो.

नेहमीची गरी मात्र चालत नाही. तिचं नेढं आडवं, स्प्लिट रिंगमध्ये (ल्यूरला गरी अडकवायच्या कडीत) ती वाकडी उभी राहते. नेढं फिरवलेली इनलाइनच हवी, ट्रेबलपेक्षा एक नंबर मोठी. पोटाखालच्या गरीचं टोक पुढे, शेपटीच्या गरीचं वर. वजनही जुळलं पाहिजे. बादलीत टाकून पाहिलं तर पाण्यात अधांतरी थांबणारा माझा लाडका ल्यूर हलक्या गऱ्यांमुळे सरळ तरंगायलाच लागला. त्याला जाड तारेच्या लावल्या.

पॉपरचे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या ल्यूरचे, ट्रेबल राहू दिले. वरच्या पाण्यात मासा अंदाजाने झडप घालतो, तिथे एका काट्यावर माझा अजून भरवसा नाही. फक्त बार्ब पकडीने दाबून टाकले. काकांना हे सांगणार नाही.

स्प्लिट रिंग डाव्या हाताने उघडत नाही. चार ल्यूर कसेबसे झाले, बाकीचे बायकोने करून दिले. तिचा प्रश्न एकच, मासा कुठाय?

काकांना दिला.