आमची वाटचाल : आधी बोर्डाचा फोटो पाठवा

बेळगावात आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाला आता वीस वर्षं होऊन गेली आणि गिऱ्हाईक एकमेकाला आमचा पत्ता सांगताना नाव सांगत नाहीत, "तो एसएमपीएसवाला, पहिल्यांदा बोर्डाचा फोटो मागतोय आणि मगच रेट सांगतोय" असं सांगतात. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, आणि बोर्ड म्हणजे मदरबोर्ड. मला त्या ओळखीचा अभिमान वाटतो. पण ही सवय आम्हाला फुकट लागलेली नाही, म्हणून ते सगळं एकदा लिहून ठेवावं म्हटलं.

२००४ ला शहापुरात आठ बाय दहाचा गाळा भाड्यानं घेतला. त्याच्या आधी तीन वर्षं उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, वायरिंगची कामं करत होतो, त्यातले साठवलेले पैसे, एक टेबल, दोन स्टूल आणि एक मल्टिमीटर एवढंच भांडवल. वडील वडगावात मागावर होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं पण मागाची मोटर चालू असताना ते मधूनच तारेच्या जोडावर बोटं टेकवून बघायचे, गरम लागलं की मोटर बंद करून स्क्रू आवळायचे. लहानपणी मला वाटायचं सगळेच असं करतात.

माल तेव्हा पुण्याहून नाहीतर बेंगळूरच्या एसपी रोडवरून यायचा, रात्रीच्या गाडीत पार्सल टाकायचं, आणि पुण्याचा माल असला की कोगनोळी नाक्यावर बिलं दाखवत बसायचं, जीएसटी यायच्या आधीची गोष्ट ही. कॅबिनेट घेतलं की एसएमपीएस आत बसवूनच यायचा. पुढं मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं. त्याला वेगळी किंमत असते हेच गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीपण त्याच्याकडं नीट बघत नव्हतो.

त्याच वर्षी एक घोळ चालू झाला. तोपर्यंत बोर्डाचा मेन कनेक्टर २० पिनांचा असायचा, नवीन बोर्डावर तो २४ पिनांचा यायला लागला. प्रोसेसरजवळचा वेगळा ४ पिनांचा कनेक्टर पेंटियम फोरबरोबर आधीच आला होता. तो का आला हे कळायला मला लय दिवस लागले. प्रोसेसरला लागतात सव्वा-दीड व्होल्ट, पण वॅट मात्र शंभरच्या आसपास, म्हणजे करंट सत्तर-ऐंशी अँपिअर. तेवढा करंट लांबून वायरीतून आणायचा म्हटला तर वायरी केवढ्या जाड लागतील बघा, म्हणून १२ व्होल्ट प्रोसेसरच्या अगदी शेजारपर्यंत आणायचे आणि बोर्डावरच्या कॉइल आणि मॉस्फेटनी (करंट चालू-बंद करणारे बारके पार्ट) तिथंच खाली उतरवायचे. ती १२ व्होल्टची स्वतंत्र वाट म्हणजे हा ४ पिनांचा कनेक्टर. तो लावायचा राहिला तर पंखे फिरतात, लाइट लागते, डिस्प्ले काय येत नाही. अजूनही आठवड्याला एकतरी असा फोन येतोच.

घोळ असा होता की नवीन एसएमपीएसचा मेन कनेक्टर २० अधिक ४ असा सुटणारा असायचा, आणि तो सुटलेला ४ पिनांचा तुकडा दिसायला थेट प्रोसेसरच्या कनेक्टरसारखा. पण वायरी बघा की. प्रोसेसरच्या कनेक्टरला दोन पिवळ्या, दोन काळ्या. ह्या तुकड्याला पिवळी, नारिंगी, लाल आणि काळी, म्हणजे १२, ३.३, ५ आणि ग्राउंड. खाचा वेगळ्या असतात, सहज बसत नाही, तरी जोर लावून बसवणारे भेटले. एका कॉलेजच्या पोरानं स्क्रूड्रायव्हरनं दाबून बसवलेला बोर्ड माझ्याकडं आला होता, त्याच्या डोळ्यात पाणी होतं, मी काय करणार. तेव्हापासून दुकानात मी एक वही ठेवली, कुठल्या बोर्डाला काय लागतंय ते त्यात लिहायचं.

आता २०१३ चं सांगतो. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीची सहा मशिनांची ऑर्डर आली, ड्रॉइंग आणि कास्टिंगच्या सिम्युलेशनसाठी. आमच्यासाठी तोपर्यंतची सगळ्यात मोठी ऑर्डर. बजेट घट्ट होतं म्हणून एएमडीचा आठ कोअरचा एफएक्स प्रोसेसर घेतला, १२५ वॅटचा. बोर्डावर प्रोसेसरसाठी ८ पिनांचं सॉकेट, आणि कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसला ४ पिनांचीच वायर. ४ पिनांचा कनेक्टर ८ पिनांच्या सॉकेटात अर्ध्या बाजूला बसतो. बसवला. मशीन चालू झालं, विंडोज पडलं, सगळं झकास. सहाही मशिनं अशीच दिली.

चार-पाच महिन्यांनी सकाळी सकाळी मालकांचा फोन, "जरा येऊन बघ बाळा, जळका वास यायलाय." गेलो. रात्रभर सिम्युलेशन लावून ठेवलेलं मशीन बंद पडलं होतं. कनेक्टर ओढला तर निघेना, प्लास्टिक वितळून सॉकेटाला चिकटलेलं, पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं आणि एक पिन काळी ठिक्कर. उरलेली पाच उघडली, दोन ठिकाणी रंग बदलायला सुरुवात झालेली. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पैशाचं राहू दे, मला शुक्रवारी पार्टीला रिपोर्ट द्यायचाय."

त्या रात्री दुकानात बसून हिशोब केला. १२५ वॅटला १२ नं भागलं की साडेदहा अँपिअर, बोर्डावर उतरवताना काही वाया जातंच, म्हणजे बाराच्या आसपास धरा. दोन पिवळ्या वायरीतून बारा म्हणजे एका पिनेतून सहा. चांगली पिन, जाड वायर, घट्ट पकड असली तर सहा अँपिअर सोसतात की. पण ही वायर बारीक, पिनेची पकड ढिली, आणि तासन्‌तास फुल लोड. तेच ८ पिनांच्या कनेक्टरच्या चार पिवळ्या वायरी असत्या तर एकीतून तीन. आणि जोडावरची उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, करंट निम्मा झाला की उष्णता पावपट. एवढा साधा हिशोब, आयटीआयमध्ये शिकलेला, मी ऑर्डर घेताना केला नव्हता. वडील तो जळलेला कनेक्टर हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "चालू असताना ह्याला हात लावून बघितला नव्हतास?"

सहाही मशिनांचे एसएमपीएस बदलून दिले, एक बोर्ड नवीन घातला, सगळं आमच्या खर्चानं. गाळ्याचं डिपॉझिट वाढवायला ठेवलेले पैसे त्यात गेले. शुक्रवारचा रिपोर्ट मात्र गेला वेळेवर. ती फाउंड्री आजही आमच्याकडंच येते.

त्या दिवसापासून कॅबिनेटबरोबर येणारा एसएमपीएस विकणं बंद. आलाच तर काढून बाजूला ठेवायचा. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती लिहिलेत ते बघायचं, त्याला १२ नं गुणायचं, तो खरा आकडा. पुढं ४५० लिहिलेल्या डब्यावर १६ अँपिअर सापडायचे, म्हणजे १९२ वॅट, आणि आजकालच्या मशीनमध्ये जवळजवळ सगळा लोड १२ व्होल्टवरच असतो. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगताना तोंड दुखायचं. "अण्णा, बाजूच्या गल्लीत दीड हजारानं स्वस्त आहे" म्हणून उठून जायचे. पहिलं दीड वर्ष धंदा खरंच पडला. बायकोनं त्या काळात घरी शिलाईचं काम घेतलं, ते मी विसरणार नाही.

मग हळूहळू तीच माणसं परत यायला लागली. फ्लेक्स छापणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, व्हीटीयूच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं. कन्नड गिऱ्हाईक पण तेवढंच, "स्वल्प कम्मी माड्री" (जरा कमी करा) म्हणत घासाघीस करायची पण एसएमपीएसचं मी सांगेन ते घ्यायचं.

लॉकडाऊनच्या वर्षात घरी बसून पोरं स्वतःच मशीन जोडायला लागली, पार्ट ऑनलाइन मागवायची आणि अडलं की आम्हाला फोन. खानापूरहून एका पोराचा फोन आला, बाहेर धो धो पाऊस, त्याचा आवाज फोनवर ऐकू येत होता. "दादा, बटण दाबलं की पंखा एकदा हलतोय आणि बंद पडतोय." मी विचारलं, प्रोसेसरजवळ जो लावलायस त्याच्या क्लिपच्या बाजूच्या वायरी कुठल्या रंगाच्या? म्हणाला काळ्या. तिथंच कळलं. प्रोसेसरच्या ८ पिनांच्या कनेक्टरला क्लिपच्या बाजूला पिवळ्या असतात, ग्राफिक कार्डाच्या ८ पिनांच्याला क्लिपच्या बाजूला काळ्या, एकदम उलट. त्यानं कार्डाची वायर प्रोसेसरच्या सॉकेटात दाबून बसवली होती, १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला. एसएमपीएस चांगला होता म्हणून प्रोटेक्शननं बंद पडत होता, नाहीतर बोर्ड गेलाच असता. प्रोसेसरचा बहुतेक ४ अधिक ४ असा सुटतो आणि कार्डाचा ६ अधिक २ असा, हे लक्षात ठेवलं तरी पुरतं. आता बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्याच येतात, तिथं रंगाचा उपयोग नाही, त्यामुळं कनेक्टरवर सीपीयू (प्रोसेसरचा) लिहिलंय का पीसीआयई (कार्डाचा) ते वाचायचं. बसेना तर जोर लावायचा नाही, फोन करायचा. पोराचं मशीन त्याच रात्री चालू झालं, त्याच्या आईनं फोन घेऊन "जेवलास का बाळा" विचारलं.

एक मात्र वाचवता आलं नाही. निपाणीच्या बाजूचा एक फोटोग्राफर, त्याचा मॉड्युलर, म्हणजे वायरी डब्यापासून सुट्या होणारा, एसएमपीएस बदलला कुणीतरी आणि वायरी जुन्याच ठेवल्या, आतून कशाला काढायच्या म्हणून. मॉड्युलरच्या वायरीचं बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला प्रत्येक कंपनीची पिनांची मांडणी वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलातपण वेगळी. सॉकेटात बसतंय आरामात. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले आणि दोन हार्डडिस्क गेल्या, लग्नाच्या सीझनचं शूटिंग होतं त्यात. मी हार्डडिस्क हातात धरून बसलो होतो आणि त्याला काय सांगावं कळत नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मॉड्युलर वायरीला मॉडेल लिहिलेली चिकटपट्टी लावून देतो, उरलेल्या वायरींची पिशवीपण बरोबर देतो आणि टाकू नका म्हणून सांगतो.

ऑफिसातली जुनी, रिफर्बिश्ड म्हणजे दुरुस्त करून परत विकलेली मशिनं आता गावोगावच्या शाळांत, सेवा सोसायट्यांत पोचलीत. चांगली मशिनं आहेत ती. पण डेलच्या काही ऑप्टिप्लेक्समध्ये मेन कनेक्टरच ८ पिनांचा असतो, लेनोवोच्या काही मॉडेलात १४ चा, एचपीच्या काहीत ६ चा. वळवाच्या पावसात वीज कडाडली, एसएमपीएस गेला, की गुरुजी २४ पिनांचा नवीन घेऊन येतात आणि तो बसत नाही. कन्व्हर्टर मिळतो, मेन कनेक्टरसाठी तो आम्ही देतोपण, डबा आत मावतोय का ते मोजून. मात्र हार्डडिस्कच्या मोलेक्स कनेक्टरवरून प्रोसेसरची ८ पिन काढणारा कन्व्हर्टर दुकानात ठेवत नाही. एक पिवळी वायर चारचं काम कशी करणार.

नव्या बोर्डांनी उलटी काळजी लावली. प्रोसेसरसाठी ८ अधिक ४ नाहीतर दोन ८ ची सॉकेटं, आणि पोरं घाबरून येतात की माझ्या एसएमपीएसला एकच ८ आहे, आता नवीन घ्यायचा काय. आय फाइव्ह १२४०० जास्तीत जास्त ११७ वॅटला जातो, त्याला एक ८ पिन भरपूर झाली, दुसरं सॉकेट मोकळं ठेवलं तरी मशीन चालतंय. आय नाइन १३९००के सारखा २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर दिवसभर रेंडर करणार असेल तर मात्र दोन्ही भरा, आणि एसएमपीएस निवडताना दोन प्रोसेसर कनेक्टर आहेत का ते बघूनच घ्या, वॅट नंतर. वायरीची लांबीपण मोजा. आता एसएमपीएस खाली बसतो आणि प्रोसेसरचं सॉकेट वरच्या डाव्या कोपऱ्यात, बोर्डाच्या मागून फिरवून आणायला ६०-६५ सेंटिमीटर लागतात. जुन्या आखूड वायरी बोर्डावरून तिरक्या ताणून नेलेल्या बघितल्या की मला रात्री झोप येत नाही.

सध्या दुकानात आम्ही तिघं. गाळा तोच, शेजारचा एक वाढवलाय. गेल्या वर्षी आयटीआय करून एक पोरगा लागलाय, येळ्ळूरहून सायकलीनं येतो. काल त्यानं फाउंड्रीचंच एक मशीन जोडलं, पाऊण तास फुल लोडवर ठेवलं आणि मी काही बोलायच्या आत झाकण काढून प्रोसेसरच्या कनेक्टरला दोन बोटं टेकवली.

"गार आहे काका," म्हणाला. मग वहीत लिहिलं आणि झाकण बसवलं.